पहिल्या फेऱ्याची ऊर्जा

हिवाळ्यातील धुक्याच्या पहाटे गुरुग्राममधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८च्या कडेला मालवाहू ट्रक उभे असतात. त्यांतील एखाद्याची बॅटरी रात्रीतून उतरलेली असली, तर चावी फिरवल्यावर ‘टक्’ असा एक आवाज येतो आणि पुढे काहीच घडत नाही. टाकी भरलेली, इंजिन धडधाकट, तरीही वाहन जागेवर खिळून राहते. वरवर पाहता हे नवलच आहे. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. डिझेल इंजिनाला ती लागत नाही. मग विजेवाचून त्याचे अडावे का? या प्रश्नाचे उत्तर डिझेल इंजिनाच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे.

हवा झटकन दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम होते, ते याच नियमाने. २७ अंश सेल्सियस तापमानाची हवा दाबून तिचे आकारमान एक-षोडशांश केले, तर आदर्श स्थितीत तिचे तापमान ६०० अंशांच्या पलीकडे जाते. अशा हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. मात्र ‘झटकन’ या शब्दाला येथे मोल आहे. दट्ट्या सावकाश सरकला, तर उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत शिरते, थोडी हवा रिंगांच्या फटींतून निसटते आणि ज्वलन होत नाही. म्हणून इंजिनाला प्रथम बाहेरून मिनिटाला साधारण १०० ते २०० फेऱ्यांच्या वेगाने फिरवावे लागते. ही ऊर्जा इंजिन स्वतः देऊ शकत नाही. ती आधीच कोठेतरी साठवलेली असावी लागते. ती कोठे साठवावी, याची उत्तरे काळानुसार बदलत गेली.

रुडॉल्फ डिझेल यांच्या ज्या इंजिनाची १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे अधिकृत चाचणी झाली, त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के होती. त्या काळातील वाफेची इंजिने तिच्या जवळपासही नव्हती. ते इंजिन सुरू करण्यासाठी साठवलेली दाबित हवा वापरली जाई. मोठ्या जहाजांची इंजिने आजही याच रीतीने सुरू होतात.

महाराष्ट्राने दुसरे उत्तर जवळून पाहिले. १९३०च्या दशकात साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने बनू लागली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवर बसवलेल्या अशा एका सिलिंडरच्या इंजिनाला बॅटरीची गरज नव्हती. शेतकरी डिकॉम्प्रेशनचा खटका वर करी, त्यामुळे झडप उघडी राही आणि हवेचा विरोध नाहीसा होई. मग हँडल मारून जड गतिचक्र फिरवायचे आणि पुरेसा वेग आला की खटका सोडायचा. एका झटक्यात जे बळ मनगटात नसते, ते दहा-बारा फेऱ्यांत गतिचक्रात जमा होते. वेग दुप्पट झाला की साठलेली ऊर्जा चौपट होते, हे गतिज ऊर्जेचे सूत्र त्या विहिरीवर रोज सिद्ध होत असे.

सहा सिलिंडरच्या ट्रकपुढे मात्र मनगट अपुरे पडते. तेथे ‘सेल्फ’ म्हणजे विजेची मोटर आली. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट मिळवतात आणि मोटर काही क्षण शेकडो अँपिअर प्रवाह ओढते. थंडी येथे दुहेरी कोंडी करते: तेल दाट झाल्याने इंजिन जड फिरते आणि रासायनिक क्रिया मंदावल्याने बॅटरी कमी प्रवाह देते.

तरीही टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला बनवू लागलेल्या ट्रकांच्या पिढीला एक वाट खुली होती. त्यांचा इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक असे. उतारावर गाडी सोडून, गिअर टाकून क्लच सोडला, की चाके इंजिनाला फिरवत. म्हणूनच बॅटरी कमजोर असलेला चालक मुक्कामाला उतार शोधत असे. त्याच्या दृष्टीने ऊर्जा डोंगराच्या उंचीत साठलेली होती.

ती वाट बंद झाली, ती प्रदूषणाच्या प्रश्नामुळे. दिल्ली परिसरात २०१० मध्ये बीएस-४ आणि देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. त्यांसाठी इंधन अतिशय उच्च दाबाने, एकाच स्फोटात अनेक तुकड्यांनी आणि मिलिसेकंदाच्या अंशाइतक्या नेमकेपणाने फवारावे लागते. हे काम संगणक आणि विद्युत झडपाच करू शकतात. बॅटरी पूर्ण उतरली की त्या उघडत नाहीत. मग चाके कितीही फिरवली तरी इंजिनात इंधनच जात नाही. शिवाय हवेच्या टाक्या रिकाम्या असतील, तर जड ट्रकचा स्प्रिंगने लागणारा हँडब्रेक सुटत नाही आणि ट्रक ढकलताही येत नाही. आता उरतो दुसऱ्या बॅटरीचा आधार. तीही २४ व्होल्टचीच हवी, आणि शेवटचा ऋण चिमटा बॅटरीपासून दूर, चासीच्या उघड्या धातूवर लावावा. कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन एका ठिणगीने स्फोट घडवू शकतो.

स्वच्छ हवेसाठी दिलेली ही किंमत योग्यच आहे. गुरुग्रामच्या हिवाळ्यात श्वास घेणाऱ्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. परंतु तो एक व्यवहार होता, हे विसरू नये: इंजिन निर्मळ झाले आणि परावलंबीही झाले. जेथे हे परावलंबन जिवावर बेतू शकते, तेथे नियम कडक आहेत. जहाजावरील आपत्कालीन जनित्राला आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारानुसार सलग तीन वेळा सुरू होण्याइतकी साठवलेली ऊर्जा लागते आणि तिच्याखेरीज दुसरा पर्यायही ठेवावा लागतो. रुग्णालयाच्या किंवा उंच इमारतीच्या तळघरातील जनित्राबाबत म्हणूनच टाकीत डिझेल किती आहे, एवढेच पाहून भागत नाही. त्याला पहिला फेरा कोण देणार, आणि तो चुकला तर दुसरा कोण, याचे उत्तर वीज जाण्यापूर्वीच तयार असावे लागते.