सोंग, बाहुली आणि संगणक

नवे यंत्र आले की जुनी कला मरते, असे आपण सहज बोलून जातो. चलच्चित्रांच्या इतिहासात मात्र हे विधान अपुरे ठरते. त्यातले दोन प्रसंग पाहू.

पहिला इंग्लंडमधला. ४ एप्रिल १९८५ रोजी 'चॅनेल फोर' या दूरचित्रवाहिनीवर मॅक्स हेडरूम नावाचे पात्र अवतरले. हे डोके संगणकातून जन्मले, अशी कथा होती. परंतु बोलका, हसरा मानवी चेहरा संगणकाकडून घडवून घेणे त्या काळी आवाक्याबाहेरचे होते. मग निर्मात्यांनी मॅट फ्रूअर या नटाच्या चेहऱ्यावर रबरी मुखवटा चढविला, अंगात फायबरग्लासचा ताठ कोट घातला, मागच्या हलत्या रेषा चित्रकारांकडून हाताने काढवून घेतल्या आणि व्हिडिओच्या संकलनात त्याचे बोलणे अडखळते केले. पुष्कळ प्रेक्षकांना ते सारे संगणकाचेच वाटले. बहुरूप्याने यंत्राचे सोंग आणले आणि ते वठविले!

दुसरा प्रसंग अमेरिकेतला, आठ वर्षांनंतरचा. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'साठी स्टीव्हन स्पीलबर्ग यांना डायनोसॉर हवे होते. जवळून दिसणारे प्राणी स्टॅन विन्स्टन यांनी पूर्णाकृती घडवावेत आणि दुरून धावणारे फिल टिपेट यांनी बाहुल्यांकरवी दाखवावेत, असे ठरले होते. बाहुली किंचित हलवून एकेक चौकट टिपण्याची युक्ती आपल्याला परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज'मध्ये तीच योजली होती. टिपेट यांनी त्या युक्तीला मोटारींची जोड दिली होती. इतक्यात डेनिस म्यूरेन यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर चालता डायनोसॉर करून दाखविला आणि निर्णय फिरला. आपणच आता नामशेष झालो, अशा अर्थाचे उद्गार टिपेट यांनी काढले.

तथापि त्यांना निरोप देण्यात आला नाही. हे अजस्र जनावर वजन कसे पेलते, वळताना मान कशी झुकविते, हे ज्ञान त्यांच्या हातांत होते. म्हणून सांध्यांत संवेदक बसविलेला सांगाडा तयार करण्यात आला. कारागिरांनी तो हाताने हलवावा आणि संगणकाने ती हालचाल टिपून घ्यावी, अशी ही योजना. पुढे १९९४ साली दृश्यपरिणामांचे ऑस्कर म्यूरेन, विन्स्टन, टिपेट आणि मायकेल लँटिएरी या चौघांना मिळून लाभले.

बाहुली हलविणाऱ्या साऱ्यांनाच असे स्थान मिळाले नाही, हेही मान्य केले पाहिजे. मोठ्या चित्रपटांतून ती कला मागे सरली. परंतु आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की, दोन्ही प्रसंगी साधनाची निवड काळाच्या सोयीने झाली. प्राण मात्र नटाच्या आणि कारागिराच्या निरीक्षणाने भरला. टिपेट यांनी पुढे 'मॅड गॉड' हा आपला बाहुलीपट चिकाटीने पुरा केला, तो २०२१ साली.