खामगांवचें अनाथगृह आणि परदेशच्या बाया

जलंब स्टेशनापासून खामगांवपर्यंतचा आठ मैलांचा रेल्वेचा फांटा १८७० सालीं लॉर्ड मेयो या व्हाइसरॉयच्या हस्तें खुला झाला. तो घातला गेला कापसाकरितां. वऱ्हाडचा कापूस मुंबईस आणि तेथून विलायतेस लवकर पोहोंचावा, एवढाच त्यामागचा हेतु होता. या पेठेंत दुष्काळांतल्या निराधार मुलींसाठीं अमेरिकेंतून आलेल्या स्त्रिया घर चालवितील, असें तेव्हां कोणाच्या स्वप्नींही आलें नसेल. खामगांव त्या वेळीं अकोला जिल्ह्यांत मोडत असे. बुलढाणा जिल्ह्यांत त्याचा समावेश १९०५ सालीं झाला.

१८९६-९७ चा दुष्काळ कसाबसा सरतो न सरतो तोंच १८९९ चा पावसाळा कोरडा गेला. विक्रम संवताचें तें १९५६ वें वर्ष असल्यामुळें गुजराथ-मारवाडांत तो दुष्काळ 'छप्पन्या' म्हणून ओळखला जातो. वऱ्हाडांत ज्वारी बुडाली, कापूस बुडाला, आणि शेतावरची मजुरी बुडाली. आगगाडीनें बाहेरचें धान्य येत होतें, परंतु तें विकत घेण्यास मजुराच्या कनवटीला पैसा नव्हता. १९०१ च्या खानेसुमारींत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली. दहा वर्षांपूर्वीं होती तीपेक्षां शेंकडा बारानें कमी. या आंकड्याच्या मागें आईबाप गेलेलीं किंवा वाटेंत चुकलेलीं किती लेंकरें असतील, त्याचा हिशेब खानेसुमारी देत नाहीं.

'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' ही संस्था मूळची न्यूयॉर्कची. ए. बी. सिम्प्सन यांनीं १८८७ सालीं ती उभारली. वऱ्हाडांत अकोला हें तिचें मुख्य ठाणें. मार्कस फुलर आणि त्यांची पत्नी जेनी फुलर यांचें कार्य तेथलें. बुलढाणा, मलकापूर व खामगांव येथेंही तिचीं ठाणीं होतीं. दुष्काळाच्या वर्षांत मुलांचें अनाथगृह अकोल्यास आणि मुलींचें खामगांवास, अशी वांटणी झाली. येणाऱ्या स्वयंसेविकांना पगार नव्हे, निर्वाहापुरता भत्ता मिळे. त्या आल्या होत्या धर्मोपदेशासाठीं; वांट्यास आलें तें दाईचें, सैंपाकिणीचें आणि आईचें काम.

उपासानें खंगलेल्या मुलास एकदम पोटभर जेवूं घातल्यास तें दगावतें. म्हणून पेज, तीही थोडी थोडी, दिवसांतून अनेक वेळां द्यावी लागे. भुकेलें मूल आणखी मागत आहे आणि वाढणारी बाई हात आंखडता घेत आहे, ही त्या घरांतली रोजची शिक्षा. त्यांतच हगवण, खरूज आणि आलेले डोळे. उवांमुळें केस कापावे लागत. मुलीचें डोकें भादरणें याचा अर्थ आपल्याकडे कांहीं निराळाच होतो, हें अमेरिकेंतून नुकत्याच आलेल्या बाईस कोण सांगणार? मुली कांहीशा सांवरल्या म्हणजे मग दळण, पाणी, शिवण आणि अक्षरओळख सुरू होई. घंटा आणि प्रार्थना यांनीं दिवस बांधलेला असे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत तो फार लांब होई.

भाषेची अडचण तर विलक्षणच. मिशनच्या नव्या बाईस मराठीची परीक्षा द्यावी लागे. मोल्सवर्थचा कोश आणि गणपतराव नवलकरांचें व्याकरण हीं अशा विद्यार्थ्यांचीं साधनें. पुस्तकांत 'मला' आणि 'तुला'. पदराशीं आलेली पोर म्हणणार 'मले' आणि 'तुले'. पुस्तकांत 'कां', तर पोरीच्या तोंडीं 'काहून'. ग्रंथिक मराठी शिकलेल्या बाईला खरी मराठी त्या मुलींकडूनच शिकावी लागली असणार, आणि ती वऱ्हाडी वळणाचीच असणार.

पैसा बाहेरून येई. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या पत्रानें हिंदुस्थानांतील अनाथ मुलांसाठीं वर्गणी गोळा केली. एका मुलाच्या वर्षाच्या पोषणास १५ डॉलर पुरत, असा हिशेब होता. त्या वेळच्या भावानें ते सुमारें ४६ रुपये, म्हणजे महिन्यास पावणेचार. त्याच पत्राच्या प्रयत्नानें १९०० च्या मे महिन्यांत 'क्विटो' नांवाची आगबोट २ लाख बुशेल मका घेऊन मुंबईस निघाली. आपल्या मापानें तो सुमारें १ लाख ३६ हजार बंगाली मण झाला. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांस मका रुचला कीं नाहीं, हा प्रश्न त्या वर्षीं गौण होता.

खरा वाद पुढचा आहे. हीं मुलें कोणाचीं? कुणबी, माळी, महार अशा नाना जातींचीं लेंकरें एका पंक्तीस बसलीं, आणि ज्या घांसानें त्यांचा जीव वांचला त्याच घांसानें परतीची वाटही बंद झाली. कारण मिशनच्या हातचें खाल्लेल्या मुलीस जातींत परत घेण्यास नातलग धजत नसत. याचा लाभ धर्मांतरास झाला, ही गोष्ट मिशननें कधीं लपविली नाहीं. लाला लजपतराय यांनीं हिंदु अनाथांसाठीं चळवळ करून मध्य प्रांत व राजपुतान्यांतील मुलांना आर्यसमाजाच्या अनाथालयांत नेलें, आणि १९०१ च्या दुष्काळ-कमिशनपुढें साक्षही दिली. त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. उपाशी पोरीला धर्म निवडतां येत नाहीं.

तथापि दुसरी बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे. महाराष्ट्रांत ही जाण अगदींच नव्हती असें नाहीं. १८७५ सालापासून पंढरपुरास प्रार्थनासमाजाचा बालकाश्रम होता; १८७७ च्या दुष्काळांत जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधकांनीं धनकवडीस मुलांसाठीं अन्नछत्र चालविलें; पंडिता रमाबाई १८९७ मध्यें मध्य प्रांतांत स्वतः हिंडून मुली घेऊन आल्या. पण पंढरपूर आणि पुणें खामगांवाहून दूर. कापसाच्या पेठेंत पैसा होता, धर्मशाळा होत्या. वाटेवरच्या मुलीस कायमचें घर देण्याची रीत मात्र तेथें पडली नव्हती.

जेनी फुलर यांनीं हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर लिहिलेलें इंग्रजी पुस्तक १९०० सालीं निघालें. त्यास प्रस्तावना रमाबाईंची आहे. त्यांत आपल्या समाजावर जे ताशेरे आहेत ते सगळेच मान्य होण्याजोगे नाहींत. बालविवाह आणि वैधव्य यांविषयींचीं पानें मात्र आजही वाचतांना मान खालीं घालावी लागते. खामगांवच्या बायांनीं अशीं पुस्तकें लिहिलीं नाहींत. मुली मोठ्या झाल्या, कोणी शिकविणाऱ्या झाल्या, कोणाचीं लग्नें झालीं. अशा अनाथगृहांतून मुलांचा आश्रम आणि मुलींचा आश्रम यांमध्येंच सोयरिकी जुळविण्याचा परिपाठ असे. वधूकडून उभें राहण्यास मामा नाहीं, काका नाहीं. ती जागा बहुधा मोडकें मराठी बोलणारी एखादी परदेशी बाईच घेई.