दंडाकडून दिलाशाकडे : विद्यार्थ्यांच्या मनाच्या काळजीचा इतिहास

ज्युबिलीच्या अंकांत देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरू होऊन गेले, ह्यांची नोंद असते, व ती असावीच. आम्हीं मात्र प्रस्तुत लेखांत एका निराळ्या इतिहासाकडे प्रिय धर्मग्रामस्थांचें लक्ष वेधण्याचें योजिलें आहे. तो विटामातीचा इतिहास नसून शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींच्या मनाच्या काळजीचा आहे. अंगांत ताप भरला म्हणजे मुलास अंथरुणावर निजवावें, हें कोणा आईबापांस शिकवावें लागत नाहीं. परंतु मनास ताप आला असतां काय करावें, हें शिकण्यास शाळेला, सरकारला आणि, खरें बोलावयाचें तर, ख्रिस्तसभेलाही फार काळ लागला. तिन्ही ठिकाणीं प्रथम दंड होता. दिलासा मागाहून आला.

शाळा

जुन्या शाळांत छडी ही फळ्याइतकीच आवश्यक वस्तु मानली जात असे. मूल गप्प राहिलें तर तें हट्टी, रडलें तर लाडावलेलें, अभ्यासांत मागें पडलें तर आळशी, असा निवाडा ठरलेला असे. त्या गप्प राहण्यामागें कांहीं दुःख असेल, अशी शंका क्वचितच कोणी घेई.

तथापि त्या काळींही कांहीं जाणते लोक होते. येशूसंघाच्या १५९९ सालच्या शिक्षणनियमावलींत शिक्षकानें स्वतः विद्यार्थ्यास मारूं नये, शिक्षा अटळच झाली तर ती संघाबाहेरील माणसाच्या हातून व्हावी, असा नियम होता. त्यानें मार बंद झाला नाहीं. पण शिकविणारा हात व मारणारा हात एक असूं नये, एवढी जाणीव त्यांत होती.

इटलींतील तुरीन शहरीं संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) ह्यांनीं ह्याच्या पुष्कळ पुढें पाऊल टाकलें. १८७७ सालीं लिहिलेल्या एका छोट्या निबंधांत त्यांनीं शिक्षणाच्या दोन पद्धतींची तुलना केली : एक दडपणारी, दुसरी प्रतिबंधक. पहिली मूल चुकेपर्यंत वाट पाहते व चुकल्यावर त्यास पकडते; दुसरी मुलाच्या सोबत अशी राहते कीं चुकण्याची पाळीच सहसा येऊं नये. विवेक, धर्म व प्रेमळपणा ह्या तीन पायांवर त्यांनीं ही पद्धति उभारली. पुढें १८८४ सालीं रोमहून आपल्या माणसांस धाडलेल्या पत्रांत मुलांवर नुसतें प्रेम करून भागत नाहीं, आपल्यावर प्रेम आहे हें मुलांस कळलेंही पाहिजे, असा त्यांनीं उपदेश केला. त्यांचे सलेशियन धर्मगुरू १९२८ सालीं मुंबईस आले व ही पद्धति आपल्या दाराशीं आली.

आपल्या महाराष्ट्रांतही हेंच तत्त्व एका शिक्षकानें आचरून दाखविलें. खानदेशांतील अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते व तेथील छात्रालयाची देखरेख त्यांजकडे होती. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या खोल्या ते आवरीत, आजारी मुलापाशीं बसत, आणि मुलांसाठीं ‘छात्रालय’ नांवाचें हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढीत. समुपदेशक हा शब्द त्या काळीं कोणाच्या कानांवरही आला नव्हता. काम मात्र तेंच होतें. आणि असें कीं, ज्यांनीं शेंकडों मुलांस माया दिली त्याच गुरुजींनीं ११ जून १९५० रोजीं निराशेच्या भरांत आपला जीवनक्रम स्वतः संपविला. ‘दुबळ्या मनाचींच माणसें असें करतात’ असें सहज बोलून जाणाऱ्यांनीं येथें क्षणभर थांबावें. मनाची व्यथा ही पुण्यशील व प्रेमळ माणसासही गांठते. ती आजार आहे, दुर्गुण नव्हे.

स्वातंत्र्यानंतर मुदलियार ह्यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगानें (१९५२–५३) शाळांत मार्गदर्शनाची सोय असावी अशी शिफारस केली. कोठारी आयोगानेंही (१९६४–६६) तीच गोष्ट ठासून सांगितली. परंतु बहुतेक ठिकाणीं मार्गदर्शन म्हणजे दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी एवढाच अर्थ उरला. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें मारहाणीबरोबरच मानसिक छळासही शाळेंत बंदी केली. मात्र तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. ज्या वयांत परीक्षेचा धाक सर्वांत अधिक, तें दहावीचें वय त्याच्या कक्षेबाहेर राहिलें.

कायदा

आपल्या ठाणें शहरीं मनोरुग्णालय १९०१ साली उभें राहिलें. त्या इस्पितळाचें नांव काढून मुलांस भिववावें व मोठ्यांची थट्टा करावी, असा प्रघात जिल्ह्यांत पडला, आणि त्या थट्टेमुळें कित्येक घरांनीं आपलें दुःख दाराआड कोंडून ठेविलें. दंडविधानाची तऱ्हा याहून कठोर होती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचें ३०९ वें कलम जीव देण्याचा यत्न करणारास एक वर्षापर्यंत कैद सांगत असे. म्हणजे मरणाच्या दारांतून परत आलेल्या माणसापाशीं प्रथम पोलीस येई. १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम रद्दबातल ठरविलें. १९९६ सालीं मोठ्या पीठानें तें पुन्हां कायम केलें. शेवटीं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें अशा माणसास तीव्र ताणाखालीं असल्याचें गृहीत धरून शिक्षेऐवजीं उपचार देणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. तो २९ मे २०१८ पासून अमलांत आला. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत जुनें कलम उरलें नाहीं.

मधल्या काळांत ठाण्यासच डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनीं १९९० सालीं मानसिक आरोग्याची संस्था काढली, व मनाच्या प्रश्नांवर उघडपणें मराठींत बोलण्याची संवय लोकांस लागूं लागली. ऑक्टोबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें टेली-मानस ही दूरध्वनिसेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, मराठींतही बोलतां येतें. मुलांसाठीं १०९८ हा क्रमांकही आहे.

तरीही संकट लहान नाहीं. सरकारी नोंदींप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत देशांतील १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आपला जीव दिला. ह्या आंकड्याचा उल्लेख करूनच सर्वोच्च न्यायालयानें २५ जुलै २०२५ रोजीं सर्व शिक्षणसंस्थांस पंधरा आदेश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथें निदान एक शिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजसेवक असावा. लहान शाळांनीं बाहेरच्या तज्ज्ञांशीं संबंध ठेवावा. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडूं नयेत व चारचौघांत त्यांची लाज काढूं नये. शिक्षक व इतर नोकर ह्यांस वर्षांतून दोनदां ह्या विषयाचें शिक्षण द्यावें. मदतीचे क्रमांक ठळक अक्षरांत लावावे, असें त्यांत सांगितलें आहे.

ख्रिस्तसभा

आतां आपल्याच घरांतील गोष्ट. १९१७ सालच्या धर्मविधिसंहितेचें १२४० वें कलम असें होतें कीं, ज्यानें जाणूनबुजून स्वतःचा जीव घेतला व मरणापूर्वीं पश्चात्तापाचें कांहीं चिन्ह दाखविलें नाहीं, त्यास ख्रिस्ती दफनविधि मिळूं नये. जीवन हें देवाचें दान आहे, ही त्यामागील श्रद्धा आजही तितकीच खरी आहे. पण ज्यांचें मूल गेलें त्या आईबापांस त्या बंद दाराचा जो घाव बसे, त्याची कल्पनाही करवत नाहीं. १९८३ च्या नव्या संहितेंत दफनविधि नाकारावयाच्या लोकांच्या यादींतून हें कारण वगळलें गेलें. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथानें तर स्पष्टच सांगितलें कीं, गंभीर मानसिक विकार, तीव्र वेदना वा भय ह्यांमुळें माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा आत्म्यांच्या तारणाविषयीं आपण आशा सोडूं नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठीं प्रार्थना करते. यास्तव, ज्या कुटुंबावर असा प्रसंग ओढवला त्याच्याकडे बोट दाखविण्यास आपल्यापैकीं कोणासही आतां आधार उरलेला नाहीं.

आपलें गांव

निजामपुरा व भिवंडी हीं नांवें आपल्या नगराच्या कारभारांत जोडीनें नांदत आलीं आहेत. येथील मुलांच्या मनावर येथील जीवनाचाच ठसा उमटतो. यंत्रमागांची खटखट रात्रंदिवस चालते. बाप रात्रपाळीस गेलेला, एका खोलींत पांचसहा माणसें, अभ्यासास कोपरा नाहीं. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगु अशा अनेक माध्यमांच्या शाळा येथें असल्यानें कित्येक मुलें घरीं एक, रस्त्यावर दुसरी व शाळेंत तिसरी भाषा बोलतात. माग थांबले कीं फी थकते, आणि शाळा सुटण्याचें भय मुलाच्या उशाशीं येऊन बसतें. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा व माग दोन्ही एकदमच थांबले. २०२१ सालीं दहावीची परीक्षाही रद्द झाली. त्या दोन वर्षांचा एकांत पुष्कळ मुलांच्या मनांतून अद्याप गेलेला नाहीं.

परंतु ह्याच गांवानें एक मोठा धडाही दिलेला आहे. मे १९७० व मे १९८४ च्या दंगलींनीं भिवंडी होरपळून निघाली. त्यानंतर १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे ह्यांनीं येथें मोहल्ला समित्या उभारल्या. भिन्न धर्मांचे शेजारी एकत्र बसूं लागले, आणि कुरबूर वाढण्यापूर्वींच तिची दाद लागूं लागली. १९९२–९३ सालीं मुंबई पेटली असतां भिवंडी शांत राहिली. आग लागल्यावर धांवण्यापेक्षां आधीं ऐकून घेणें हिताचें, हेंच संत जॉन बॉस्को ह्यांची प्रतिबंधक पद्धति सांगते. जें मोहल्ल्यास लागू पडलें तें घरास व वर्गासही लागू पडेल.

तेव्हां आमची विनंति थोडकीच आहे. मूल अचानक अबोल झालें, झोप वा भूक उडाली, मित्र टाकले, आपण नकोसे झालों असें बोलूं लागलें, तर त्यास रागावूं नये. जवळ बसावें, सरळ विचारावें, आणि उत्तर पुरें होईपर्यंत मध्यें बोलूं नये. निकालाच्या दिवशीं शेजाऱ्याच्या मुलाचे गुण घरांत मोजूं नयेत. ज्या शाळेंत आपलें मूल शिकतें तेथें समुपदेशक आहे कीं नाहीं, हें पालकसभेंत विचारावें. तो हक्क आतां आपला आहे. आणि कोणी असेंही समजूं नये कीं प्रार्थना केली म्हणजे वैद्याची गरज नाहीं. पापनिवेदन पापासाठीं आहे, आजारासाठीं नव्हे. आमच्यापाशीं आलेल्या दुःखी मुलास आशीर्वाद देऊन तज्ज्ञाकडे पोंचविणें, हें आम्ही आमच्या सेवेचाच भाग समजतों.

प्रभु येशूनें मुलांस आपणाकडे येऊं द्या असें शिष्यांस बजाविलें, तेव्हां त्यानें हुशार मुलें व मागासलेलीं मुलें असा भेद केला नाहीं. ह्या महोत्सवाच्या वर्षीं आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक मुलास मन मोकळें करण्याजोगें निदान एक वडील माणूस लाभावें, एवढीच त्याच्या चरणीं आमची प्रार्थना आहे.