आतड्याचा चिरदाह आणि औषधांची पारख

पुण्याहून सोलापूर आणि झहीराबाद मागे टाकून हैदराबादेकडे येणारा हमरस्ता शहरात शिरतो तो कुकटपल्लीमधून. रस्त्याच्या दुतर्फा आज दाट वस्ती आहे, दुकाने आहेत, घरांच्या उंच रांगा आहेत. लागूनच बालानगरचा औद्योगिक भाग आहे. इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही सरकारी कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली, आणि तिचा कृत्रिम औषधांचा कारखाना सोव्हिएत साहाय्याने येथे उभा राहिला. सल्फा औषधे आणि जीवनसत्त्वे परदेशांतून आणावी लागू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. औषध देशात व्हावे आणि ते गरिबाच्या हाती पडावे, हे एका राष्ट्राचे गणित झाले. परंतु औषध हाती आल्यावर ते घ्यावे की घेऊ नये, केव्हा घ्यावे आणि केव्हा सोडावे, हे दुसरे गणित प्रत्येक घराला स्वतंत्रपणे सोडवावे लागते. आतड्याच्या चिरदाहाच्या बाबतीत तर हे गणित विशेष बिकट आहे.

हा विकार बहुधा ऐन तारुण्यात गाठतो. शौचावाटे रक्त पडते, पोटात कळा येतात, वजन उतरते, अंगात बारीक ताप राहतो. मध्येच काही महिने सारे शमते आणि पुन्हा उसळी घेते. कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी अंथरुणाला खिळते, आणि घरात प्रश्न उभा राहतो : गोळ्यांवर भागवावे, की इंजेक्शने घ्यावीत, की शस्त्रक्रियेला मान तुकवावी? शेजारी एक सांगतो, आप्त दुसरे सांगतात. अशा वेळी ह्या उपायांचा इतिहास ठाऊक असणे उपयोगी पडते. कारण प्रत्येक उपायाचे गुण आणि दोष त्या इतिहासातच उघड झालेले आहेत.

ह्या दाहाचे प्रमुख प्रकार दोन. सॅम्युएल विल्क्स ह्या इंग्रज वैद्याने १८५९ मध्ये ज्याचे वर्णन केले तो ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला व्रण पाडणारा विकार. दुसरा न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेला. तो आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो आणि अन्नमार्गात कोठेही प्रकटू शकतो. आयुर्वेदातील ग्रहणी, प्रवाहिका, रक्तातिसार ह्या नावांखाली अशीच काही लक्षणे सांगितलेली आहेत. परंतु लक्षणे जुळली म्हणून रोग एकच असतो, असे म्हणता येत नाही.

पहिले उपयुक्त औषध सापडले ते दुसऱ्याच दुखण्यावरचे औषध शोधताना. स्वीडनमधील डॉ. नन्ना स्वार्ट्‌स ह्या विदुषी सांधेदुखीवर उपाय शोधत होत्या. सॅलिसिलिक वर्गातील एक द्रव्य आणि एक सल्फा द्रव्य जोडून १९४० च्या सुमारास जे संयुग तयार झाले, ते सल्फासॅलाझिन. ते आतड्याच्या दाहावरही गुणकारी आहे, असे त्यांना आढळून आले. मात्र पुष्कळांना त्याने मळमळ होई, कोणाच्या अंगावर पुरळ उठे. ह्या जोडगोळीतील काम कोण करतो आणि त्रास कोण देतो, ह्याचा उलगडा होण्यास १९७७ साल उजाडावे लागले. ऑक्सफर्ड येथे ए. के. आझाद खान ह्या बांगलादेशी वैद्याने आपल्या सहकाऱ्यांसह दोन्ही भाग वेगवेगळे करून बस्तीवाटे रुग्णांना दिले. गुण सॅलिसिलिक भागाचा होता. सल्फा भाग मुख्यतः वाहकाचे काम करीत होता. ह्यावरूनच पुढे मेसालाझिन हे अधिक सोसवणारे औषध प्रचारात आले. सौम्य आणि मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये आजही आरंभ त्यानेच होतो. क्रोनच्या विकारात मात्र त्याचा उपयोग फार थोडा.

दुसरे मोठे औषध कॉर्टिसोन. त्याची पारख कशी झाली, हे सांगण्यापूर्वी हैदराबादेतीलच एक जुनी हकीकत आठवावी लागते. १८८८ आणि १८८९ मध्ये येथे दोन क्लोरोफॉर्म मंडळे बसली. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी ह्यांचा आग्रह असा की, क्लोरोफॉर्म देताना श्वासोच्छ्‌वासावर लक्ष ठेवले म्हणजे पुरे, हृदयाला त्यापासून धोका नाही. निजाम सरकारने पैसा दिला, लंडनहून लॉडर ब्रंटन आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, आणि मंडळाने लॉरींचे मत उचलून धरले. परंतु १९११ च्या सुमारास लेव्ही ह्या संशोधकाने दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मच्या हलक्या गुंगीतही हृदय एकाएकी बंद पडू शकते. प्रयोगांची संख्या मोठी होती, हेतू प्रामाणिक होता, तरी निष्कर्ष चुकला. नुसत्या अनुभवाच्या राशीने सत्य सिद्ध होत नाही. तुलना योग्य रीतीने व्हावी लागते.

ही योग्य तुलना ट्रूलव्ह आणि विट्स ह्या दोघांनी कॉर्टिसोनच्या बाबतीत केली. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या परीक्षेत २१० रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट पाडले. एकाला कॉर्टिसोन, दुसऱ्याला तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य. सहा आठवड्यांनी पहिल्या गटातील शेकडा ४१ जणांचा रोग शमला, दुसऱ्या गटात शेकडा १६ जणांचा. लाभ निर्विवाद होता. परंतु पुढील परीक्षांनी तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट दाखविली. उसळलेला रोग खाली बसविणे हे ह्या वर्गातील औषधांचे काम. तो खाली ठेवणे त्यांना साधत नाही. वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, मधुमेह जडतो, मोतीबिंदू येतो. बरे वाटते म्हणून मनाने ती चालू ठेवणारा रुग्ण आणि भीतीने एकाएकी सोडून देणारा रुग्ण, हे दोघेही सारखेच फसतात.

शस्त्रक्रियेची भीती सर्वांत मोठी, आणि तिचाही इतिहास बोधप्रद आहे. जून १९५६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांचे आतडे क्रोनच्या विकाराने एकाएकी अडले. नऊच महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आलेला, आणि निवडणूक पाच महिन्यांवर आलेली. शस्त्रवैद्यांनी रोगट भाग कापून काढण्याऐवजी त्याला वळसा घालून वाट करून दिली. अध्यक्ष बरे झाले आणि नोव्हेंबरात पुन्हा निवडून आले. ज्या रुग्णाला जे सोसेल ते त्या वेळी करावे, हा त्यातील विवेक. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठे आतडे काढून टाकले म्हणजे रोगाचे घरच जाते. १९५२ मध्ये ब्रायन ब्रूक ह्यांनी पोटावरील मलद्वाराची सुधारलेली रचना दिली आणि १९७८ मध्ये पार्क्स व निकल्स ह्यांनी लहान आतड्याचीच पिशवी बनवून नैसर्गिक मार्ग राखण्याची रीत प्रसिद्ध केली. क्रोनच्या विकारात मात्र कापलेल्या जागेजवळ रोग पुन्हा डोके वर काढू शकतो. म्हणून एकात शस्त्रक्रिया हा शेवट ठरू शकतो, तर दुसऱ्यात तो केवळ मुक्काम असतो.

औषधांच्या ह्या कथेत गोदावरीकाठच्या एका पुरुषाचे स्थान मोठे आहे. भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांचे दोन भाऊ स्प्रू ह्या आतड्याच्याच, पण निराळ्या, दुखण्याने गेले. ते स्वतःही त्याच दुखण्याने पडले आणि आचंट लक्ष्मीपती ह्या वैद्यांच्या आयुर्वेदीय उपचाराने उठले. काही काळ मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकवून ते अमेरिकेला गेले. इकडे मुंबईत हाफकिन संस्थेत काम करताना ल्यूसी विल्स ह्या इंग्रज विदुषींनी १९३१ मध्ये दाखविले होते की, गरीब गर्भवती स्त्रियांचा एक प्रकारचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो. त्या अर्कातील अज्ञात द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. ते कृत्रिम रीतीने तयार करण्याचे यश १९४५ च्या सुमारास लेडर्ले प्रयोगशाळेत सुब्बारावांच्या हाताखालील मंडळींना लाभले, आणि स्प्रूच्या रुग्णांनाही त्याचा गुण आला. त्याच प्रयोगशाळेतून फॉलिक आम्लाला विरोध करणारी द्रव्ये निघाली. त्यांपैकी मेथोट्रेक्सेट हे एक. १९४८ मध्ये सुब्बाराव निवर्तले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४१ रुग्णांच्या परीक्षेत, कॉर्टिसोन वर्गातील औषधांवाचून ज्यांचे चालत नव्हते अशा क्रोनच्या रुग्णांपैकी शेकडा ३९ जणांना आठवड्यातून एकदा दिलेल्या मेथोट्रेक्सेटने उतार पडला. निष्क्रिय द्रव्याने शेकडा १९ जणांना. गर्भवतीला हे औषध वर्ज्य आहे, आणि ते घेणाऱ्याला जोडीने फॉलिक आम्लही देतात. एकाच प्रयोगशाळेतील दोन परस्परविरोधी द्रव्ये आज एकाच रुग्णाच्या औषधपेटीत शेजारी नांदतात.

१९९८ पासून इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधे आली. दाह भडकविणारा विशिष्ट रेणू ती अडवितात. जेथे जुनी औषधे थकतात तेथे पुष्कळदा ती चालतात. पण त्यांची किंमत मोठी आणि शरीराची एक रखवाली त्यांनी सैल होते. दडून बसलेला क्षय ह्या औषधांनी जागा होऊ शकतो. भारतात ह्याला विशेष अर्थ आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा विकार दुर्बिणीखालीही एकमेकांसारखे दिसतात. क्षयाला दाहाचे औषध दिले तर रोग पसरतो. क्रोनच्या रुग्णाला क्षयाची औषधे दिली तर मोलाचे महिने वाया जातात. तेव्हा येथे औषधाच्या आधी निदानाची पारख.

बालानगरचा कारखाना पुढे डबघाईला आला. १९९२ मध्ये ती कंपनी आजारी उद्योग म्हणून जाहीर झाली, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती बंद करण्याचा निर्णय घेतला. तरी त्याचे बी वाया गेले नाही. मुंबईत माटुंग्याला रसायनतंत्र शिकून आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून पीएच्.डी. घेऊन कल्लम अंजी रेड्डी हे १९६९ मध्ये ह्याच कंपनीत दाखल झाले होते. १९८४ मध्ये त्यांनी स्वतःचा औषधउद्योग हैदराबादेत उभारला. पदार्थाऐवजी केवळ कृतीला पेटंट देणारा १९७० चा कायदा अशा उद्योगांना अनुकूल ठरला, आणि औषधे स्वस्त झाली. अडालिमुमॅब ह्या जैविक औषधाची जगातील पहिली समरूप आवृत्ती २०१४ मध्ये भारतातच बाजारात आली. एके काळी केवळ धनिकांना परवडणारा मार्ग त्यामुळे थोडा रुंदावला.

ह्या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य काय? एकच उत्तम औषध नाही. रोग कोणता, तो किती खोल, रुग्णाचे वय काय, घराची ऐपत किती, संततीची इच्छा आहे की नाही, ह्यांवर निवड ठरते. औषधाचा धोका मोजताना औषध न घेण्याचा धोकाही तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घालावा लागतो. कारण वर्षानुवर्षे धुमसणारा दाह आतडे आखडवितो, आणि मोठ्या आतड्यात कर्करोगाचे भय वाढवितो. सुब्बाराव आयुर्वेदाने बरे झाले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. रोग का बरा झाला, असे विचारीत ते समुद्रापार गेले. कुकटपल्लीतील असो वा लातुरातील, रुग्णाच्या नातलगांनी वैद्यापुढे बसून तोच प्रश्न विचारावा : हे औषध कशासाठी, किती दिवस, आणि उपयोग न झाल्यास पुढे काय? जो वैद्य ह्या तिन्हींचे उत्तर शांतपणे देतो आणि जो रुग्ण ते ऐकून नियमाने वागतो, त्या दोघांच्या सहकार्याने हा दीर्घ रोग पुष्कळदा आटोक्यात राहतो, आणि शिक्षण, नोकरी, संसार ही आयुष्याची कामे अडून राहत नाहीत.