चहाच्या कपातला चोरीचा वाटा



दशलक्षण पर्वात माझा चहा बंद असतो. पहिले दोन दिवस डोके ठणकते, मग सवय होते. पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचला जातो. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो. त्यात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत: चोरीला उत्तेजन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलून व्यवहार करणे, मापात खोट करणे आणि भेसळ करणे. यंदा ते ऐकताना मला सोडलेला चहाच आठवला. इंग्लंडमध्ये चहा घरोघरी पोचला, तो बराचसा याच अतिचारांच्या वाटेने.

१६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या राजाची राणी झाली. आपली मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली ती याच लग्नात. या राणीला चहाची आवड होती आणि तिच्यामुळे दरबारात चहाची प्रतिष्ठा वाढली. पण तो होता श्रीमंतांचा. चीनमधून चहा आणण्याचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे, आणि त्यावर सरकारचा भरमसाट कर. १७८४ च्या सुमारास हा कर ११९ टक्क्यांपर्यंत गेला होता. म्हणजे मालाच्या किमतीपेक्षा कर जास्त!

हॉलंड, फ्रान्स, डेन्मार्क, स्वीडन इथल्या कंपन्याही चीनमधून चहा आणत. त्यातला पुष्कळसा रात्रीच्या अंधारात इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरे. चहा वजनाला हलका आणि किमतीला भारी, त्यामुळे चोरट्या व्यापाराला अगदी सोयीचा. कर चुकवलेला हा चहा स्वस्त पडे. म्हणून तो खेडोपाडी, मजुरांच्या घरापर्यंत गेला.

या स्वस्ताईत हिंसाही होती. १७४७ मध्ये जकात अधिकाऱ्यांनी पकडलेला चहा पूल बंदराच्या जकातघरात ठेवला होता. हॉकहर्स्टच्या टोळीने रात्री जकातघर फोडून तो परत नेला. पुढे या प्रकरणातला एक साक्षीदार आणि त्याच्यासोबतचा जकात अधिकारी यांचा हाल हाल करून खून झाला. भेसळही होती. ॲश झाडाची पाने वाळवून, रंगवून चहात मिसळत. त्यात मेंढ्यांची लेंडीही वापरत. ती रोखायला १७७७ मध्ये कायदा करावा लागला.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडले ते एका साध्या माणसाने. जेम्स वुडफर्ड हा नॉरफोकमधला पाद्री. त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की १७७७ च्या मार्चमध्ये रात्री अकराच्या सुमारास एका चोरट्या व्यापाऱ्याने खिडकीखाली शीळ घातली आणि सहा पौंड चहा आणून दिला. म्हणजे सुमारे पावणेतीन किलो. पाद्रीबुवांनी पैसे दिले, वर त्याला दारूही पाजली. लोकांना धर्म सांगणारा हा माणूस! त्याने कुणाला मारले नाही, काही लुटले नाही. फक्त विकत घेतले.

१७८४ मध्ये पंतप्रधान विल्यम पिट यांनी कर साडेबारा टक्क्यांवर आणला. चोरट्या व्यापारातला नफाच गेला. कंपनीचा चहा दुपटीहून जास्त खपू लागला. तोवर सवय मात्र घट्ट झाली होती.

आता वाटेल, त्यांचे ते पाहतील. पण चीनला चहाची किंमत चांदीत द्यावी लागे. ती चांदी वाचवायला तिकडे अफू जाऊ लागली. चीनमध्ये अफूला बंदी होती, म्हणजे तीही चोरूनच शिरे. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई आणि माळव्याची बरीचशी आपल्या मुंबईहून. माळव्याच्या या व्यापारात मारवाडी-गुजराती पेढ्यांचा पैसा होता आणि त्यांत जैन पेढ्याही होत्या. मुंगी चिरडू नये म्हणून खाली पाहून चालणारी ही माणसे. पेटीतला माल समुद्रापलीकडे कुणाचे घर बुडवतो, हे त्यांना पेढीवर बसून दिसत नव्हते.

हे लिहिताना माझीही एक गोष्ट लपवता येत नाही. मागच्या दिवाळीत चांदीचे ताम्हण घेताना दुकानदाराने हळूच विचारले, "ताई, बिल हवंय का? बिलाशिवाय कमी पडेल." मी नको म्हटले. चार पैसे वाचले म्हणून घरी आनंदाने सांगितलेही. तेच ताम्हण पूजेला घेते.

वुडफर्डच्या खिडकीखालची शीळ आणि हा प्रश्न, यांत फरक तो काय?

क्षमावाणीला आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. यंदा मी मनात या अतिचाराचेही प्रायश्चित्त घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला. साखर, आले, सगळे नेहमीचेच. पण आता दुकानात गेले की बिल आधी मागते.