पाण्याच्या मंडळावर आपली जागा

शेतकरी बंधूंनो, कारखान्याचं घाण पाणी ओढ्यात सुटलं की विहिरी नासतात, जमीन बिघडते. म्हणून महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ नेमलं. आजचं प्रदूषण नियंत्रण मंडळ ते हेच. केंद्राचा १९७४ चा कायदा आपल्याकडे १९८१ मध्ये लागू झाला. त्यात नुसते सरकारी अधिकारी नाहीत. स्थानिक संस्थांमधले पाचपर्यंत सभासद आणि शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार यांच्या वतीने मिळून तीनपर्यंत बिनसरकारी सभासद सरकारने नेमायचे आहेत. म्हणजे शेतीला दार उघडं आहे, पण जागा राखीव नाही. तेव्हा गप्प बसू नका. पाणी बिघडलं, की ग्रामपंचायतीचा ठराव करून मंडळाला लेखी कळवा.