चिखलाची बाजू

लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे निसर्ग, निळा म्हणजे पाणी आणि शांतता. बालवाडीच्या तक्त्यापासून महापालिकेच्या फलकापर्यंत हे समीकरण एकाच खात्रीने मांडलं जातं. त्यामागचं गृहीत असं की हे अर्थ माणसाने दिलेले नाहीत, निसर्गानेच ते रंगांना जोडून ठेवले आहेत. मला हे मत मान्य नाही. ते नुसतं चुकीचं असतं तर त्यावर शाई खर्च करायची गरज नव्हती. पण नवी मुंबईत, करावे गावाच्या खाडीकाठाला, या समजाची किंमत मोजावी लागते आहे, म्हणून ते खोडून काढणं भाग आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या दोन अभ्यासकांनी १९६९ साली असं दाखवलं की जगभरच्या भाषांमध्ये रंगांची नावं मनमानी क्रमाने येत नाहीत. काळा-पांढरा यांच्यानंतर बहुधा लाल येतो, मग हिरवा किंवा पिवळा, आणि निळा त्यांच्या मागून. पुढे या मांडणीत दुरुस्त्या झाल्या, तरी लालचं अग्रस्थान ढळलं नाही. रक्त लाल, विस्तव लाल, हिरव्या पानांत पिकलेलं फळ लाल. फळं खाणाऱ्या आपल्या पूर्वजांची नजर लालवर तयार झाली असणार. पानात हरितद्रव्य आहे, म्हणून जीवसृष्टी हिरवी. आकाश निळं, समुद्र निळा. मग धोका, जीवन आणि पाणी हे अर्थ रंगांतच आहेत, असं म्हणायला काय हरकत?

हरकत अशी की नजर खेचून घेणं ही एक गोष्ट आणि अर्थ असणं ही दुसरी. लाल नजर खेचतो, हे मान्य. पण एकवीरेच्या कपाळीचा मळवट पाहून कार्ल्याच्या डोंगरावर कोणी मागे सरत नाही. करावे, दारावे, सारसोळ्याची माणसं पायऱ्या चढून त्या लालासमोर हात जोडतात. निसर्गाने फार तर 'इकडे बघ' एवढंच सांगितलं. बघून काय समजायचं, ते माणसांनी आपापल्या व्यवहारात ठरवलं.

आणि निसर्ग तरी हे तीन रंग वेगवेगळ्या खात्यांत ठेवतो का? करावे हे आगरी-कोळी गाव, तेव्हा उत्तर चुलीवरच मिळतं. तिवरांच्या चिखलातून काढलेली चिंबोरी हिरवट-काळपट असते. कालवणात पडली की काही मिनिटांत तांबडीलाल होते. हा रंग मसाल्याचा नाही आणि बाहेरून आलेलाही नाही. कवचात अ‍ॅस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य पहिल्यापासून असतं, पण एका प्रथिनाने ते असं जखडलेलं असतं की आपल्याला निळसर-हिरवं दिसतं. उष्णतेने प्रथिनाची घडी उसवते, रंगद्रव्य मोकळं होतं आणि कवच लाल दिसू लागतं. निळसर, हिरवा आणि लाल हे इथे एकाच द्रव्याचे अवतार आहेत. धोक्याचं म्हणाल, तर बोट तोडू शकणारा डेंगा हिरवट असताना धोक्याचा असतो. लाल झाला की तो ताटात वाढतात.

हीच गोष्ट ज्यांच्यासाठी लोक मुद्दाम इथवर येतात त्या रोहित पक्ष्यांची. फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी जन्मतं. ठाणे खाडीत मोठ्या संख्येने येणारा छोटा रोहित चोच उलटी धरून पाणी आणि गाळ गाळतो आणि त्यातले नीलहरित जिवाणू, सूक्ष्म शैवालं खातो. या नीलहरित जिवाणूंत हिरवं हरितद्रव्य असतं, फायकोसायनिन हे निळं द्रव्य असतं, आणि या दोघांआड लपलेली तांबूस-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्यंही असतात. पक्ष्याचं शरीर नेमकी ही तिसरी द्रव्यं उचलतं, बदलतं आणि पिसांत भरतं. प्राणिसंग्रहालयात हे खाद्य नसेल तर पक्षी फिका पडतो, म्हणून तिथे त्याच्या आहारात ती वेगळी घालावी लागतात. म्हणजे ज्या गुलाबी-लाल पंखांचं चित्र नवी मुंबईच्या भिंतींवर रंगवलं जातं, तो रंग निळ्या-हिरव्यातून येतो, आणि ते निळं-हिरवं करड्या चिखलात वाढतं. मिठागरांतही तेच. ड्युनालिएला हे मुळात हिरवं शैवाल. कोंडीतलं पाणी आटून खारटपणा वाढला की ते स्वतःच्या बचावासाठी बीटा-कॅरोटिन साठवतं आणि लालसर होतं. मिठावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या आगरी समाजाला पाण्याचा रंग पालटणं नवीन नाही.

निळ्याबद्दल थोडक्यात. खाडीकाठच्या खंड्याच्या पाठीवर निळं रंगद्रव्य नावालाही नाही. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश असा विखुरतो की आपल्याला निळं दिसतं. खोल समुद्राच्या निळाईचं कारण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या बोटप्रवासानंतर उलगडलं, पण ते स्वच्छ, खोल पाण्यापुरतं. करावेच्या खाडीचं पाणी गाळाने भरलेलं, मातकट असतं. ते तसंच असायला हवं, कारण तो गाळ तिथल्या जीवांचं अन्न आहे. निळं नाही म्हणून ते घाण, असं म्हणणाऱ्याने खाडी कधी नीट पाहिलेली नाही. (तिच्यात सांडपाणी जातं, हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे, पण तो रंगावरून कळत नाही.)

लाल, हिरवा, निळा हे सृष्टीचे मूळ तीन रंग, असंही ठासून सांगितलं जातं. ते सृष्टीचे नव्हेत, आपल्या डोळ्यांचे आहेत. आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या शंकूपेशी आहेत, म्हणून जेम्स क्लार्क मॅक्सवेल १८६१ मध्ये तीन गाळण्यांमधून रंगीत छायाचित्र दाखवू शकले, आणि म्हणून मोबाइलचा पडदा तीन ठिपक्यांवर चालतो. पक्ष्यांच्या डोळ्यांत असे शंकू चार प्रकारचे असतात. त्यांचा हिशेब आपल्या तीन रंगांत बसणारच नाही.

आता 'धोका' आणि 'सुरक्षित' या अर्थांकडे येऊ. करावेत टी. एस. चाणक्य ही व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्यांना घडवणारी संस्था १९९३ पासून आहे. तिथे शिकणाऱ्याला पहिल्यांदा पाठ करावं लागतं ते हे: जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा. रात्री आपल्या उजव्या हाताला दुसऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला तर वाट आपण द्यायची. इथवर पूर्वपक्षाला समाधान वाटेल. पण बंदराच्या तोंडाशी तरंगणाऱ्या बोयांचं काय? मुंबई बंदरात समुद्राकडून आत शिरताना लाल बोया डावीकडे ठेवायचा, हिरवा उजवीकडे. तेच जहाज न्यूयॉर्कला पोहोचलं की लाल उजवीकडे आणि हिरवा डावीकडे. जगाचे असे दोन विभाग १९८० च्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरले. भारत एकात, अमेरिका आणि जपान दुसऱ्यात. दोन्हीकडे लाल आणि हिरवा मिळून एकाच सुरक्षित वाटेच्या दोन कडा दाखवतात. कडा कोणती, ते करार सांगतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश रेल्वेवर पांढरा दिवा म्हणजे 'जा' आणि हिरवा म्हणजे 'जपून' असा अर्थ होता. साधे पांढरे दिवे सिग्नल समजले जाऊ लागले, घोटाळे झाले, तेव्हा हिरव्याला आजचा अर्थ मिळाला.

याहून जवळचा दाखला आपल्या नद्यांचा. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. बांधकामाला कडक मनाई निळ्या रेषेच्या आत. निळ्या आणि लालच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळू शकते. म्हणजे घर घेणाऱ्याने जास्त भ्यायचं ते निळ्याला. निळा शांततेचा, या समजुतीवर विसंबणाऱ्याची फसगत इथे पाण्यात होईल.

संस्कृतीच्या दाखल्यांना तर अंतच नाही. आपल्याकडे हिरवा चुडा सौभाग्याचा. नवरीला चुडा भरताना कोणाच्या मनात पर्यावरण नसतं. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता, आणि त्या निळ्याने लाखो माणसांना शांत बसायला नव्हे, उठून उभं राहायला सांगितलं. १७७५ मध्ये कार्ल शेले यांनी शोधलेला तजेलदार हिरवा रंग युरोपभर घरांच्या भिंतींवर चढला. तो आर्सेनिकचा होता, विषारी होता.

इथे कोणी विचारेल की एवढं सगळं असलं तरी बिघडलं काय? मुलांना झाड हिरवं रंगवू द्या की. रंगवू द्या, त्याला माझी ना नाही. बिघडतं ते जमिनीचा निर्णय घेताना.

करावेजवळची टी. एस. चाणक्यच्या मागची पाणथळ, तिच्या शेजारची एनआरआय वसाहतीची पाणथळ आणि नेरूळचा डीपीएस तलाव यांचं काम काय ते आधी समजून घ्यावं लागतं. ओहोटीला ठाणे खाडीचे चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि रोहित, तुतारी, शेकाट्या असे पक्षी तिथे चरतात. भरती चढली की ते पट्टे बुडतात. मग पक्ष्यांना उथळ, निवांत जागा लागते, आणि ती या आतल्या पाणथळींत मिळते. उधाण असेल तेव्हा तर ही गरज सगळ्यात मोठी. खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला; पण भरतीच्या वेळचा निवारा या रेषांच्या बाहेर राहिला.

बाहेर का राहिला, याची कारणं अनेक, जमिनीचे भाव त्यात सर्वांत वर. पण ज्या सहजतेने सामान्य माणूसही 'तिथे आहे काय, नुसता चिखल' म्हणतो, ती सहजता रंगांच्या समजातून येते. हिरवं असेल तर निसर्ग, निळं असेल तर तळं. करडं असेल तर पडीक. म्हणून या पाणथळींवर गोल्फचं मैदान आणि निवासी संकुल करण्याचा बेत पुष्कळांना निसर्गविरोधी वाटलाच नाही. मैदान हिरवंगार होणार होतं ना! रहिवासी आणि पर्यावरण कार्यकर्ते न्यायालयात गेले, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो भू-वापर बदल रद्द केला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. गोल्फच्या गवतात निवट्या राहत नाही, कोळंबी वाढत नाही, रोहिताच्या चोचीत गाळण्यासारखं काही नसतं.

डीपीएस तलावाने तर हिरव्याची दुसरी बाजू उघड्यावर दाखवली. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बंद झाल्या, २०२४ च्या उन्हाळ्यात तलाव सुकत गेला आणि रोहित मेल्याच्या बातम्या आल्या. पुढच्या हंगामात साचलेल्या पाण्यावर शेवाळाचा दाट थर चढला आणि पक्ष्यांनी पाठ फिरवली. लांबून पाहणाऱ्याला तो थर हिरवळच वाटावा. जलपर्णीने झाकलेली तळी महाराष्ट्रभर अशीच हिरवी दिसतात, आणि खालचं पाणी प्राणवायूवाचून गुदमरत असतं.

माझ्यावर येणारा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: हिरव्याविरुद्ध असं बोलून तुम्ही कांदळवन तोडणाऱ्यांच्या हाती कोलीत देता. हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ मध्ये कांदळवनांना जे संरक्षण दिलं ते अमोल आहे. तिवर, कांदळ, चिपी यांच्याशिवाय हा किनारा उभा राहणार नाही. पण ते संरक्षण झाड हिरवं आहे म्हणून मिळालेलं नाही. ती झाडं गाळ धरतात, लाटा अडवतात, माशांच्या पिल्लांना थारा देतात, म्हणून ते योग्य आहे. याच कसोटीवर उघडा चिखलही उतरतो. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे कांदळवनांच्याच श्रेणीत धरले आहेत. ठाणे खाडीत गाळ साचत जाऊन तिवरं पुढे सरकतात आणि उघडा चिखल आक्रसतो, तिथे 'वृक्षारोपण' म्हणून आणखी रोपं खोचणं म्हणजे पक्ष्यांच्या पानावरचा घास काढून घेणं. हिरवं वाढलं, खाडी घटली.

तेव्हा माझा पक्ष असा: जागेची किंमत तिच्या रंगावरून न करता तिथे काय चालतं त्यावरून करायची. भरती आत येते का, पाणी किती खारं आहे, गाळात कोण जगतं, त्यावर कोण चरतं, कोणाचं जाळं तिथे पडतं. खारजमिनीत लाल दाण्याचं राता भात घेणाऱ्या शेतकऱ्यांनी जमीन अशीच पारखली होती. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रात काळा राता, भुरा राता या वाणांवर झालेलं काम त्याच पारखीवर उभं आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय घेतला. टी. एस. चाणक्य आणि एनआरआय पाणथळींसाठीही आपण तीच मागणी लावून धरली पाहिजे. विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होतो तेव्हा नकाशात हिरवा पट्टा किती वाढला हे पाहून समाधान मानू नका. करावेच्या चिखलावर कोणता शिक्का मारला आहे ते शोधा, भरतीच्या पाण्याची वाट नकाशात दाखवली आहे का ते बघा, आणि दाखवली नसेल तर मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवा.